हिरवळीलगतची खानावळ

पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत माव्जुदा त्या फाटकासमोरून तिसऱ्यांदा पुढे निघून गेली. जाळीच्या कुंपणापलीकडे गोल्फचं मैदान पसरलं होतं. पांढऱ्या टोप्या घातलेली चार माणसं एका चेंडूभोवती मयताला आल्यासारखी गंभीर उभी होती. कुंपणाला लागूनच एक बैठं घर होतं. त्याचं दार निळं, पुढे तुतीची झाडं आणि झाडांखाली मांडलेली पाच-सहा टेबलं. आतून जिरं भाजल्याचा वास येत होता. पण असल्या मैदानाशेजारी चहाचा पेलाही आपल्याला परवडायचा नाही, हे तिने लांबूनच ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात मैदानाकडून एक माळी आला. त्याच्या विजारीला कापलेलं गवत चिकटलं होतं. रबरी बूट त्याने दाराबाहेर काढले आणि स्वतःच्या घरात शिरावं तसा तो आत गेला. त्याच्या मागोमाग आणखी दोघे गेले.

माव्जुदाने डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि वळून फाटक ढकललं.

मैत्रिणींना जेवायला बोलावता येईल अशी जागा शोधत गेले अकरा दिवस ती ताश्कंदभर हिंडत होती. कुठे गाण्यांचा गोंगाट, कुठे पाच बायकांना तासाभरात उठवण्याची घाई, कुठे नुसतं भावाचं पान उघडूनच पाय मागे घ्यावा लागलेला. आज एका बसमध्ये बसून ती शेवटच्या थांब्यापर्यंत आली होती.

भिंतीवरच्या फळ्यावर खडूने भाव लिहिले होते. तिने ते दोनदा वाचले. शेवटचं शून्य लिहायचं राहून गेलं असावं असं वाटत होतं.

"हे भाव बरोबर आहेत ना?" गल्ल्यामागच्या बाईला तिने विचारलं.

"का, जास्त वाटले?"

"कमी वाटले."

बाई हसली. तिचं नाव ज्योया हेगाय. तिचे आजी-आजोबा कोरियन होते. ती स्वतः उझबेक बोलायची ती थेट बाजारातल्या भाजीवालीसारखी, बायकांना 'ओपा', म्हणजे ताई, म्हणत. "साहेब लोक तिकडे क्लबात जेवतात, ओपा. इथे गवत कापणारे आणि चेंडू वेचणारे येतात. त्यांचे खिसे बघून मी फळा लिहिते. बसा."

तिने समोर आणून ठेवलेल्या वाडग्यात थंड, आंबटसर रस्सा, शेवया, काकडी आणि मांसाच्या बारीक फाका होत्या. माव्जुदाने वाडगं उचलून तळापर्यंत रिकामं केलं. मग तोंड पुसून म्हणाली,

"पुढच्या गुरुवारी पाच जणी येऊ. पण पुलाव मी करणार."

"माझ्या चुलीवर?"

"तुझ्या चुलीवर, माझ्या हाताने."

"माझ्या कढईला माझ्या सुनेलाही हात लावू देत नाही मी."

"मग तुझी सून सुखी असेल," माव्जुदा म्हणाली. पण जागची उठली नाही.

उठणं शक्यच नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारी शेजारी बसून अर्ध्या देशाचे फोन जोडणाऱ्या त्या पाच जणी एकतीस वर्षं दर महिन्याला एकीच्या घरी जेवत आल्या होत्या. ज्या महिन्याला जिची पाळी, तिने रांधायचं, बाकीच्यांनी बसून खायचं आणि बोलायचं. गेल्या वर्षी माव्जुदाचा नवरा गेला. मग ती मुलाच्या नवव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. मुलगा रात्रपाळी करून दिवसा झोपायचा. सून चांगली होती. "आई, बोलवा ना मैत्रिणींना. आम्ही सगळे त्या दिवशी बाहेर जाऊ," असं ती मनापासून म्हणाली होती. आपल्यासाठी कुणाला स्वतःच्या घरातून उठून जावं लागावं, हे माव्जुदाला नको होतं. तिच्या दोन पाळ्या तशाच गेल्या. मग चार महिन्यांपूर्वी वयाने सगळ्यांत मोठी असलेली इनोबत स्वतःच्या भल्यामोठ्या अंगणात, द्राक्षांच्या मांडवाखाली बसून प्रेमाने म्हणाली होती, "तू आता पाळी-बिळी काही धरू नकोस गं. नुसती ये, जेव आणि जा."

नुसती ये, जेव आणि जा. ते प्रेम माव्जुदाला काट्यासारखं सलत राहिलं होतं.

ज्योयाने रिकामं वाडगं उचललं, पुसलेल्या टेबलावरून पुन्हा फडकं फिरवलं. बाई हलत नाही हे बघून म्हणाली, "गुरुवारी कढई मोकळी नसते. गुरुवारी सगळ्या माळ्यांना पुलाव असतो. पंचवीस जण. तुझ्या पाच जणींसाठी वेगळी कढई चढवायला माझ्याकडे दुसरी चूल नाही."

"मग तीस जणांचा करते."

"वय काय तुझं?"

"त्रेसष्ट."

"चार किलो पिवळी गाजरं चिरावी लागतील."

"चिरेन."

"किसणीवर नाही हं, सुरीने."

माव्जुदाने तिच्याकडे असं पाहिलं की ज्योयाने दोन्ही हात वर केले. "बरं, बरं! सकाळी साडेसहाला ये. बिघडला, तर पंचवीस माळ्यांना तोंड तू द्यायचंस."

गुरुवारी ती सहालाच आली. सुरी आणि ॲप्रन घरून आणलं होतं. गाजरं चिरता चिरता आठ वाजले. बोटांवर पिवळा रंग चढला. ज्योया शेजारी आपल्या सॅलडची गाजरं केसाएवढी बारीक चिरत होती आणि मधूनमधून माव्जुदाच्या ढिगाकडे बघत होती.

"जाड आहेत तुझी."

"पुलावात विरघळली तर तांदूळ कुणाच्या आधाराने उभा राहील?"

तेल तापलं, मांस लाल झालं, कांदा पडला. एवढी मोठी कढई माव्जुदाने कधीच ढवळली नव्हती. झारा दोन्ही हातांनी धरावा लागत होता. दहाच्या सुमाराला तिचा डावा खांदा भरून आला. ज्योया पुढे झाली.

"दे इकडे. थोडा वेळ बस."

"बसले तर उठणार नाही," माव्जुदा म्हणाली आणि झारा सोडला नाही. खांदा हलका होईना, तेव्हा तिने पायाखाली फळकूट ओढलं, त्यावर चढली आणि अंगाचा सगळा भार झाऱ्यावर देऊन ढवळू लागली. तांदूळ पसरून, पाणी घालून, लसणाचे अख्खे गड्डे खोचून, झाकण ठेवून झालं तेव्हा कुठे ती भिंतीला टेकली.

एक वाजता चौघी आल्या. फाटकातून आत येताना त्या एकमेकींना चिकटून चालत होत्या.

"माव्जुदा, तुला लॉटरी लागली की काय?" होसियत कुजबुजली. "गोल्फ? इथे आपल्याला बूट काढून उभं करतील."

"बस गं. दाराबाहेरचे ते बूट माळ्यांचे आहेत."

"आणि ती माणसं काय शोधतायत गवतात?" सओदतने मान उंच केली.

"एक चेंडू. मारतात लांब, मग दिवसभर शोधतात."

"सांभाळून हळूच मारला असता तर?"

"मग दिवस कसा जाईल त्यांचा?" राअनो म्हणाली आणि चौघी हसल्या. टेबलाच्या कडांवर ठेवलेले हात सैल झाले.

माव्जुदाने ताट स्वतः आणलं. मोठं निळं ताट, वर पिवळा-तांबूस डोंगर, त्यावर मांस आणि लसूण. पहिला घास तोंडात जाताच होसियतने डोळे मिटले. बाकीच्यांचे हात पुन्हा पुन्हा ताटाकडे जाऊ लागले.

"हा तुझ्या हातचा आहे," शेवटी इनोबत म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून तो रबरी बूटवाला माळी उठून आला. छातीवर हात ठेवून किंचित वाकला. "ओपा, हात सलामत राहोत. दर गुरुवारी तुम्हीच या." मागून ज्योया ओरडली, "ए, बस खाली! उद्यापासून उपाशीच राहशील!" माळ्यांचं टेबल खदखदून हसलं. माव्जुदा लाजून चहा ओतू लागली, पण पाठ तिची ताठ झाली होती.

जेवण झाल्यावर रिवाजाप्रमाणे इनोबतने हात उघडे धरले. या वेळी यजमानाच्या घराला आशीर्वाद द्यायचा असतो. तिची नजर निळ्या दारावरून कुंपणावर, कुंपणावरून हिरवळीवर फिरली. घर कुठलं म्हणायचं? सगळ्या थांबल्या.

"ज्या हातांनी हे रांधलं," इनोबत सावकाश म्हणाली, "ते जिथे असतील, तिथे बरकत राहो."

पाच जणींनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

चारच्या बसने तिघी गेल्या. इनोबतचा मुलगा गाडी घेऊन येणार होता म्हणून ती मागे राहिली. साडेचार वाजले. गाडी आली नाही, आणि इनोबतने एकदाही रस्त्याकडे पाहिलं नाही. तिने पर्समधून फोनही काढला नाही.

"माव्जुदा," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात माझी पाळी."

"हो. तुझ्या मांडवावरची द्राक्षं तोवर पिकतील."

इनोबत पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "पोरांनी अंगणाच्या मधोमध भिंत घातली. मांडव तिकडे गेला. मी इकडे आहे." मग लगेच, कुणी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलावं तसं, "त्या बाईला विचार ना, तेव्हाही टेबल मिळेल का."

माव्जुदाने तोंड उघडलं. विचारण्यासारखं खूप होतं. केव्हा, कशी, कुणाच्या म्हणण्यावरून. तिने ते सगळं गिळलं आणि ज्योयाला हाक मारली.

ज्योया वही घेऊन आली. कानामागची पेन्सिल काढली.

"किती जणी?"

"पाच," इनोबत म्हणाली.

"कुणाच्या नावावर?"

इनोबतने माव्जुदाकडे बघितलं. "हिच्याच लिही. हिला ओळखतेस तू."

"नाही," माव्जुदा म्हणाली. वहीवर तिने पिवळ्या रंगाचं बोट टेकवलं. "इनोबत लिही. त्या दिवशी मी जेवायला येणार आहे."