गाडी घेऊन ये

काळ्या मातीत चालवायला गाडी कशी पाहिजे, हे विचारायला अजूनही लोक नत्थुजींकडे येतात. तेल्हाऱ्याचे येतात, पार अंजनगाव सुर्जीहून संत्र्याचे बागवाले येतात. नत्थुजींची जीप तीस वर्षांपूर्वी सरकारी लिलावात घेतलेली. तिचा मूळ रंग कोणता, हे आता कोणालाच सांगता येत नाही. पण त्यांच्या वावरातल्या घरापासून डांबरी सडकेपर्यंत जी अडीच किलोमीटरची पांधण आहे, ती भर पावसाळ्यात पार करणारी त्या भागात ती एकच गाडी. ही पांधण दर निवडणुकीत सिमेंटची होते आणि दर पावसाळ्यात पुन्हा पांधण होते, तिचं काय सांगावं!

"टायर बारीक पाहिजे," नत्थुजी सांगायचे. "रुंद टायर चिखलाच्या गाऱ्यावर तरंगते. बारीक टायर गारा कापून खालच्या कडक जमिनीले भेटते. टायर अन् मडगार्डच्या मंधात आपली मूठ गेली पाहिजे, नाई तं माती ठासते अन् चाक जाम होते. आतून बादलीभर पानी मारून धुता आली पाहिजे. अन् बिघडली तं तेल्हाऱ्यातच सुधरली पाहिजे." मग चहा पिऊन उठलेल्या माणसाला पुन्हा थांबवून म्हणायचे, "अन् गाडीत दोन मानसं पाहिजे. एक दांडी ओढनारा, एक उतरनारा."

लोक हसायचे. म्हातारा मजाक करतो असं त्यांना वाटायचं. मजाक कसली बाप्पा! त्या जीपची चारही चाकं चालवायची तर आतली छोटी दांडी ओढून भागत नाही. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध मुठीएवढी एक कळ असते, तिला हब म्हणतात. खाली उतरून ती हातानं फिरवावी लागते. नाही फिरवली, तर दांडी ओढली काय आणि न ओढली काय, पुढची चाकं नुसती शोभेला. अठ्ठावीस वर्षं नत्थुजींनी दांडी ओढली आणि त्यांच्या पत्नी पार्वताबाई उतरल्या. लुगडं खोचून एक हब इकडचा, एक हब तिकडचा, मग बॉनेटवर एक थाप आणि आवाज: "लावले वो, चाला!" लग्नात मंगलाष्टकं म्हणतात तसं ते दोघांचं पाठ होतं.

दोन वर्षांपूर्वी पार्वताबाईंच्या किडन्या गेल्या. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी अकोल्याला मशीनवर जायचं. चार तास मशीन, जाऊन येऊन चार तास रस्ता. आता दांडी ओढणारेही नत्थुजी आणि उतरणारेही नत्थुजी. वय सदुसष्ट. आधी पाट ठेवून बायकोला जीपमध्ये चढवायचं, मग गाऱ्यात उतरून दोन हब लावायचे, डांबरीवर पोचलं की पुन्हा उतरून दोन्ही सोडायचे. परत येताना तेच उलटं. वावराचं काम करायचं ते उरलेल्या दिवसांत. कोणी विचारलं, कसं चाललं, तर म्हणायचे, "चालून राह्यलं." थकलो हा शब्द काही त्यांच्या तोंडातून निघत नसे. तो निघाला की मागोमाग मुलाचा, विपुलचा, अमरावतीचा फ्लॅट निघणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि चौथ्या मजल्यावर बसून कपाशीच्या पऱ्हाटीचं स्वप्न पाहण्यात त्यांना काडीचा रस नव्हता.

पण त्या सोमवारी घोटाळा झालाच. नाल्याजवळ जीप फसली. नत्थुजी दांडी ओढून ओढून दमले, मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करत राहिली. पाऊण तासानं कुठं त्यांच्या ध्यानात आलं, आपण हब लावलेच नाहीत! लाज वाटली हो माणसाला. ज्याला दहा गावचे लोक गाडीची अक्कल विचारायला येतात, तो हब विसरला. त्यांनी गुपचूप उतरून हब लावले आणि बायकोला सांगितलं, "क्लच धरून राह्यला." पार्वताबाईंनी नुसतं पुढच्या चाकाकडे पाहिलं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचा नंबर दुसऱ्याला गेला होता. चार तासांऐवजी दोनच तास मशीन मिळालं. तिथल्या सिस्टरनं बजावलं, "गुरुवार चुकवू नका. पाणी छातीत चढलं तर अवघड होईल."

बुधवारपर्यंत पार्वताबाईंचे पाय इतके सुजले की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून दोन रात्री त्या भिंतीला टेकून बसूनच होत्या. नत्थुजी समोरच्या बाजेवर, तेही जागेच.

आणि बुधवारी चार वाजता विपुल नवी गाडी घेऊन दारात.

अमरावतीला नोकरीत असलेला त्यांचा एकुलता एक मुलगा. महिन्यातून एखाद्या रविवारी उभ्या उभ्या येणारा. दोन दिवस कडक उघाड होती, पांधण वाळलेली, त्यामुळे गाडी कशी अगदी नवरदेवासारखी आली. काळी कुळकुळीत, उंच, टपावर उघडणारी काच. विपुलनं बाबांना बाजूला बसवून एकेक दाखवलं. चारी बाजूंचे कॅमेरे, टीव्हीएवढा पडदा, दार उघडलं की आपोआप बाहेर येणारी पायरी.

"आणि हे पाहा बाबा, हे बटन. मड मोड. दाबलं की चारही चाकांचं काम गाडी स्वतःच पाहते. उतरायची भानगडच नाही. ही गाडी आता इथंच राहणार, तुमच्यासाठी. मी उद्या आईला नेऊन आणतो, तुम्हाला दाखवून देतो, आणि परवा सकाळी बसनं निघतो."

नत्थुजींनी उठून पुढच्या टायरजवळ जाऊन मडगार्डखाली मूठ घालून पाहिली. मूठ गेली नाही. चार बोटंही जेमतेम गेली. सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण पोरगा हौसेनं फुललेला, आणि उद्या आपल्याला उतरायचं नाही, या नुसत्या विचारानं त्यांच्या गुडघ्यांना इतकं बरं वाटलं की ते म्हणाले, "साजरी हाय." खरं सांगायचं तर त्यांना उद्या फक्त झोपायचं होतं.

पहाटे पाऊस आला. तास दीड तास असा झोडपला की अंगणातली तुळस आडवी झाली.

"जीप काढू का?" साडेसातला नत्थुजींनी विचारलं.

"तुम्ही झोपा हो बाबा," विपुल म्हणाला. आईला आपोआप आलेल्या पायरीवरून त्यानं अलगद आत बसवलं. पार्वताबाईंनी काचेतून नवऱ्याकडे पाहिलं. काही तरी सांगायचं होतं त्यांना, पण काच वर गेली.

नत्थुजी बाजेवर आडवे झाले. दोन वर्षांत पहिला गुरुवार असा. डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजला.

"बाबा, गाडी हलून नाही राहिली." घाबरला की पोरगा बरोबर वऱ्हाडीवर यायचा. "मोड लावला, समदं केलं. चाकंच फिरून नाही राहिले."

"माती ठासली असन."

"हो. काडीनं काढून राहिलो, निघतच नाही. आईले दम लागून राहिला, बाबा."

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! नत्थुजींनी पाट उचलला, जीपमध्ये टाकला आणि निघाले. घरापासून पहिला तुकडा मुरमाड आहे, तो सरळ पार झाला. वळणावर पाहतात तर ती काळी देखणी गाडी पांधणीच्या मधोमध उभी, आणि चारही चाकं मातीचे गोळे झालेली. मडगार्डमध्ये माती अशी गच्च बसली होती की सिमेंट भरल्यासारखी. विपुल पांढऱ्या बुटांनिशी गुडघ्यापर्यंत गाऱ्यात. आत पार्वताबाई पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास घेत होत्या. साडेआठ वाजले होते. नंबर साडेदहाचा.

धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तुरीच्या दोन ओळी मोडून नत्थुजींनी जीप पुढं काढली. विपुलनं आईला जवळजवळ उचलूनच आणलं. पाट ठेवला, चढवलं, तो स्वतः मागं बसला. नत्थुजींनी दांडी ओढली आणि गिअर टाकला. जीप हातभर पुढं गेली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गारा उडून नव्या गाडीच्या काचेवर गेला.

"चाल ना वं माय!" नत्थुजी जीपवर ओरडले. पुन्हा ओढली दांडी. पुन्हा तेच. मग त्यांचा तोल सुटला. "कोनं सांगतलं होतं तुले हे असं गाडं घ्याले? मले इचारलं? दहा गावचे लोक मले इचारतेत, माह्या पोट्ट्यानं नाई इचारलं! आज तिले काई झालं तं—"

"आवं," पार्वताबाई म्हणाल्या. दम लागत होता, म्हणून त्या एकेक शब्द सुटा सुटा बोलत होत्या. "हब."

नत्थुजींनी दांडी सोडली.

"हब लावले नाई तुमी. सोमवारीबी नोयते लावले. त्याच्या आंधीच्या गुरुवारीबी."

"तुले कसं माईत?"

"अठ्ठाईस वर्स म्याच लावले. आवाजावरून समजते मले."

इंजिन आपलं धडधडत होतं. नत्थुजींनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि दोन वर्षं दातांखाली धरून ठेवलेला तो शब्द अखेर बाहेर पडला.

"थकलो म्या, पार्वता. लय थकलो."

"माईत हाय मले," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर घेतली ना गाडी!" विपुल मागून रडवेल्या आवाजात म्हणाला. "मी काय शौकानं घेतली का? आईनंच मागच्या गुरुवारी फोन केला मले. बाबा थकले, म्हणे, गाडी घेऊन ये. आठ दिवसांत घेतली मी! शोरूमवाल्याच्या डोक्यावर बसून घेतली! आता मलेच बोला!"

पार्वताबाईंनी मान वळवून लेकाकडे पाहिलं. त्या हसल्या की काय, ते कळलं नाही. दमामुळे तोंड उघडंच होतं त्यांचं.

"येड्या," त्या म्हणाल्या. "म्या गाडी कुठी मांगतली? गाडी घेऊन ये, मनलं. भेटन त्या गाडीनं तू ये, मनलं. चालवाले गाडी काय, आपली हायच ना दारात."

विपुलनं ते शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले. 'घेऊन ये'. विकत घेऊन ये, की सोबत घेऊन ये? बाजारातून भाजी घेऊन ये म्हणतो आपण, आणि सासरहून लेकीला घेऊन ये असंही म्हणतो. शब्द तेच. त्यानं 'घेऊन' ऐकलं होतं. तिचा सगळा जोर 'ये'वर होता.

मग तो उतरला. गाऱ्यात पाय टाकून पुढच्या चाकाजवळ गेला, आणि तिथं जाऊन नुसताच उभा राहिला. लहानपणापासून त्या जीपमध्ये मागं बसलेला पोरगा. आई उतरते आणि काही तरी फिरवते एवढंच त्यानं पाहिलेलं.

"कोणीकडे फिरवू?"

"जेवाच्या हाताकडं," पार्वताबाईंनी आतून सांगितलं. "टक् वाजेपावतर. अन् तिकडचाबी तसाच. नखं सांभाळजो."

दोन्हीकडे टक् वाजलं. विपुल परत यायला लागला तेव्हा नत्थुजी आपल्या जागेवरून सरकून बायकोच्या बाजूला बसले होते. मधल्या जागेत अंग चोरून, पाट मांडीवर घेऊन. स्टिअरिंग मोकळं होतं. तो बसला, दांडी ओढली. पुढच्या चाकांनी जमीन धरली आणि जीप म्हशीसारखी डुलत, कुरकुरत, पण बिनबोभाट निघाली. नवी गाडी मागं पांधणीतच राहिली, सगळे कॅमेरे मातीनं बुजलेले.

डांबरीवर आलं तेव्हा नऊला पाच कमी होते. विपुलनं दवाखान्यात फोन लावला. पांधणीत अडकलो होतो, निघालोय, नंबर राखा. सिस्टर कुरकुरली, पण अकरापर्यंत मशीन राखते म्हणाली. अकरापर्यंत पोचणं जमण्यासारखं होतं.

"सोमवारी मी येतो," फोन ठेवून तो म्हणाला. "सोमवारी, अन् गुरुवारी पण. ऑफिसात पाहतो काय करायचं ते. बाबा, आयकलं का?"

त्यानं वळून पाहिलं. बाबांचं डोकं आईच्या खांद्यावर पडलं होतं, तोंड उघडं, हात पाटावर. सुजलेल्या पायांची, दम लागलेली त्याची आई ताठ बसून तो भार पेलत होती.

"बाबा, हब सोडायचे ना इथं? ते कोणीकडे—"

"उठवू नोको," पार्वताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दोन वर्सात रस्त्यानं डोळा नाई लागला त्याईचा. डाव्या हाताकडं फिरव. जाय, उतर."