अकरावं पान

दाजींनी आयुष्यभर नोंदणी कार्यालयात कारकुनी केली होती. त्यामुळे नातेवाइकांत त्यांना वकिलापेक्षा जास्त मान. कुणी घर घ्यायचं म्हटलं की कागद आधी त्यांच्याकडे. दाजी चष्मा कपाळावर चढवणार, दोन आडवे प्रश्न टाकणार आणि समोरच्याला उगाच घाम फोडणार. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी थाट काही उतरला नव्हता.

धाकट्या मेहुण्याने दोन खोल्यांचं घर पसंत केलं, तेव्हा त्याची बायको फाईल घेऊन थेट त्यांच्याकडेच आली. ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. फाईल दोन्ही हातांनी पुढे करत म्हणाली, "दाजी, सवडीने बघा. मला त्यातलं काही कळत नाही."

सवड तर ढीगभर होती. पण आज बघू, उद्या बघू करता करता फाईल वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली गेली. नवव्या दिवशी मेहुणा स्वतः आला. दाजींनी फाईल झटकली आणि नाडीही न सोडता त्याच्या हातात दिली. "चोख आहे. खुशाल घ्या."

त्या शब्दावर मेहुण्याने भाड्याची जागा सोडत असल्याचं मालकाला कळवून टाकलं.

खरेदीखताला आठ दिवस उरले असताना मेहुण्याची बायको कामावरून परस्पर आली. बाह्यांना अजून सुतं चिकटलेली.

"दाजी, सही करायला जाण्याआधी मी म्हटलं, एकदा चाळावं तरी. अकराव्या पानावर घर विकणाऱ्याच्या बहिणीचं नाव आहे. वडिलांच्या मागे दोघं वारस. तिची सही कुठेच नाही. तुम्ही पाहिलं असेलच ना?"

दाजींच्या तोंडाची जुनी सवय. "पाहिलं की. तिने हक्क सोडलाय, विकणाराच म्हणाला मला."

"तुम्ही कधी भेटलात त्यांना?"

तेवढ्यात चहा घेऊन आलेली दाजींची बायको म्हणाली, "अगं, फोनवर बोलले असतील."

आजवर तिने नवऱ्यासाठी असं खोटं कधी बोलल्याचं त्यांना आठवेना. वर्तमानपत्रांचा गठ्ठा रोज तीच उचलत होती. तिला सगळं ठाऊक होतं. दाजींना मान वर करवेना. चहा तसाच निवला, पाहुणी निघूनही गेली.

सकाळी ते मेहुण्याच्या दारात उभे राहिले. आत अर्धं सामान खोक्यांत भरलेलं.

"मी फाईल उघडलीच नव्हती," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "काल बोललो तेही खोटं."

मेहुणा गडबडला. "असू द्या हो दाजी, होतं असं."

त्याची बायको मात्र खोकं बाजूला सारून समोर आली. आवाज चढला नाही. "वेळ नाही म्हणाला असतात, तर मी त्याच दिवशी वाचलं असतं."

दाजींना बसा असंही कुणी म्हणालं नाही, आणि ते बरंच झालं.

विकणाऱ्याच्या बहिणीने सही द्यायला साफ नकार दिला. सौदा मोडला. भाड्याची जागा दुसऱ्यांना दिली गेली होती, म्हणून दोन मुलांसह चौघांना मेहुण्याच्या सासूच्या एका खोलीत चार महिने काढावे लागले. दाजी तिकडे फिरकले नाहीत. बायको भावाला भेटून यायची आणि घरी आल्यावर त्याविषयी अवाक्षर काढायची नाही. ते त्यांना जास्त लागायचं.

मग दुसरं घर मिळालं. फाईल दाजींकडे आली नाही. मेहुण्याच्या बायकोने पान अन् पान स्वतः वाचलं, अडलं तिथे वकिलाला गाठलं.

सामान हलवायला दाजी न बोलावता गेले. जिन्यात एक चुलत साडू भेटला. "वा! कागद तुमच्याच नजरेखालून गेले असणार, मग काय काळजी!"

मेहुण्याची बायको दोन पायऱ्या वर होती. ती थांबली.

"नाही," दाजी म्हणाले. "माझ्यावर सोडलं होतं तेव्हा फसले होते बिचारे. हे हिने स्वतः पाहिलेत."

साडू ओशाळून हसला. ती हातातलं खोकं सावरत वर निघून गेली. दाजी पुढचं खोकं आणायला खाली उतरले.