कुलूपवाल्याच्या खणातली गोळी

मी एक जुनी, पांढरी, नखाएवढी गोळी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका, मी कडू नाही! आम्ही दहा बहिणी. यंत्रानं धपाधप दाबून आम्हाला एका चकचकीत पाकिटात कोंबलं.

आमचं काम चौकीदाराचं. आतड्याच्या भिंतीत बारीक दारं असतात. त्यांतून कोलेस्टेरॉल नावाची चरबी अंगात शिरते. आम्ही दारातच ठाण मांडतो आणि म्हणतो, "चल, फूट!"

आम्ही एका कुलूपवाल्याकडे आलो. वर्षापूर्वी त्याच्या हृदयानं एक झटका खाल्ला होता. यकृतात चरबी कमी बनावी म्हणून तो दुसरी एक गोळी घ्यायचाच, अगदी मोठ्या डोसची. तरी रक्तातला आकडा उतरेना. म्हणून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला जोडीला दिलं. दाराची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, "जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, पण रोज घ्या."

गडी खूश. "म्हणजे हे कुलूपच की हो!"

तिथंच घोळ झाला. घरी लेकीनं ताट वाढलं, पाणी दिलं. "बाबा, गोळी."

"आज उकडलेली भाजी. चोर यायचाच नाही, तर कुलूप कशाला? तळलेलं खाल्लं की घेईन."

"बाई रोज म्हणाल्यात."

"कुलुपातलं मला शिकवतेस होय गं?"

ती हसली. मलाही हसू आलं. केवढी मी मूर्ख! महिन्यात तो चारदाच तळलेलं जेवला. चार बहिणी कामाला गेल्या. आम्ही सहा जणी किल्ल्यांच्या खणात लोळत पडलो.

एका सकाळी तो किल्ली घासत होता. कानस थांबली. मग खाली पडली. मग तोही. लेक धावली, पण तो उठला नाही.

चार दिवसांनी लेक बाईंकडे गेली. पाकीट पुढं ठेवून म्हणाली, "बाबा तर साधंच जेवायचे हो."

बाईंनी पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. "अगं, जेवणातून कोलेस्टेरॉल थोडंसंच येतं. जास्त तर यकृतच पित्तातून आतड्यात सोडतं. रोज. उपाशी असलं तरी. चोर घरातलाच होता. मी दाराचं सांगितलं, हे सांगायचं राहूनच गेलं."

मी त्याला वाचवलंच असतं, अशी फुशारकी मारत नाही. पण मला उभंच केलं नाही, मित्रांनो!

आता दुकान लेक चालवते. आम्ही अजून त्याच खणात आहोत. आमच्यावरची तारीख उलटून गेली, आम्हाला आता कुणी खाऊ नये. तुम्ही मात्र घरी जा. आजोबांच्या गोळ्यांचं पाकीट उघडा आणि विचारा, "रोज घेता ना? आणि का घेता, ते ठाऊक आहे ना?" रागावले तर रागावू द्या. रागावणारा माणूस घरात तरी असतो.

खण उघडला की लेक किल्ली उचलते आणि माझ्याकडं न बघता खण लावून घेते. मी चौकीदार. मी एकाही दारात उभी राहिले नाही.