साखर न घेणारी मुंगी

शेतातल्या घरासमोर, कडुलिंबाच्या बुंध्याशी त्या सकाळी त्रेपन्न मोठ्या काळ्या मुंग्या होत्या. शिवाय तांबड्या बारीक मुंग्यांची एक रांग, जी मी मोजली नाही, खोडावर एक सरडा, आणि जमिनीवर चिमूटभर साखर. साखरेभोवती ज्वारीचं पीठ रांगोळीसारखं पसरलेलं होतं. एखादीनं साखरेला तोंड लावलं की तिनं साखर घेतली असं मी धरत होतो. अर्ध्या तासात बावन्न मुंग्यांनी घेतली. एकीनं घेतली नाही.

"पाह्यलंस, हरिओम?" दैवशाला मामी मला म्हणाली. "आजबी न्हाई."

मी कुंभार पिंपळगावच्या शिवारात मामाकडे आलो होतो ते मुंग्या मोजायला नव्हे. प्राणीशास्त्रात एम.एस्सी. झालो होतो, नोकरी अजून लागायची होती, आणि मामाची मोसंबी झाडावरून गळत होती. फळाला बारीक भोक पाडून रस शोषणारे पतंग रात्री येतात आणि दिवसा खोडावर पंख मिटून बसतात. मिटलेले पंख हुबेहूब वाळक्या पानासारखे, शिरांसकट. पहिल्याच दिवशी मी मामाला एक दाखवला, तर तो म्हणाला, पान आहे, आणि पुढच्या क्षणी पान उडालं. तेव्हापासून मामाचा पानांवरचा विश्वासच गेला. बागेत फिरताना तो खरीखुरी वाळलेली पानंसुद्धा काठीनं टोचून बघायचा. मामी म्हणायची, तुझ्या शिक्षणानं एक माणूस कामातून गेला.

मुंग्यांना साखर घालायचा नेम मूळचा आजीचा, म्हणजे मामीच्या सासूचा. आजीचं नाव चांगुणाबाई; मामी तिला आत्याबाई म्हणायची. आजीला शेवटची काही वर्षं मधुमेह होता. जालन्याच्या डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं आणि ते पाळायचं काम मामीच्या अंगावर आलं. मामीनं ते बरोबर पाळलं. साखरेचा डबा कपाटात गेला, किल्ली मामीच्या कमरेला. आजी वारली त्या आठवड्यात तिनं एकदा गोड चहा मागितला. मामीनं चहा दिला, बिनसाखरेचा. आजीनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मामीला ती काही बोलली नाही. मामी म्हणते, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दहाव्याला कावळा शिवला नाही. घरच्यांनी एकेक करून हात जोडून काय काय कबूल केलं, पण कावळे लांबच्या बाभळीवर बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ भागवली. बाकीचे ते विसरले. मामीनं दुसऱ्या दिवसापासून मुंग्यांना साखर घालायला सुरुवात केली, आणि स्वतः गोड सोडलं.

त्यातच तिला ती मुंगी दिसली. रोज तीच, रोज झाडाच्या त्याच बाजूला. साखरेपासून वीतभर अंतरावर यायची, दोन्ही हात तोंडापुढे धरून हलवायची आणि मागं सरायची. दुसरी मुंगी जवळ आली की आणखी मागं. मामीनं अर्थ लावायला वेळ घेतला नाही. आजी माळकरी होती. तिचं ताट-वाटी वेगळं, चूल वेगळी, पंगतीत ती कधी बसली नाही. "हात हालवून नको म्हणून राह्यल्यात," मामी मला म्हणाली. "मागत व्हत्या तव्हा दिली न्हाई. आता देते तर घेईनात." आणि मग नेम टोकाला गेला: आत्याबाई साखर घेतील तेव्हाच आपण गोड खायचं.

घरात कुणी तिला अडवलं नाही. मामीनं चहा बिनसाखरेचा प्यायला काय आणि गोड प्यायला काय, कुणाचं बिघडत नव्हतं. पण आश्विनात वाटूरला बेबीनंदाला, म्हणजे मामीच्या मुलीला, दुसरी मुलगी झाली, आणि रविवारी सासरीच बारसं ठरलं.

बेबीनंदाचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर होतो. मामीनं तो स्पीकरवर ठेवला होता, कारण तिला तशीच सवय आहे. बेबीनंदा चिडली नव्हती. हळू आवाजात बोलत होती, बहुधा शेजारच्या खोलीत माणसं होती. "आई, पहिलीच्या वक्ताला तू तीन पेढे खाल्लेस, सगळ्यांसमोर. आता तोंड फिरवलंस तर हितं काय म्हणतील? दुसरीबी पोरगीच झाली म्हणून बाळाच्या आजीनं पेढा घेतला न्हाई, असंच म्हणतील. तुझा नेम कुणाला ठाव हाय इथं?"

मामी म्हणाली, बघते. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पदराला हात पुसत राहिली. हात ओले नव्हते. नेम मोडला तर आत्याबाई कायमच्या रुसतील. नाही मोडला तर पोरीच्या अंगाला ते बोलणं जन्मभर चिकटेल. त्या दिवशी गुरुवार होता.

म्हणून शुक्रवारी सकाळी मी पतंग सोडून मुंग्या मोजल्या, आणि बावन्न जणींना वगळून त्रेपन्नावीपाशी भिंग घेऊन बसलो.

मुंगीचं डोकं, छाती आणि पोट असे तीन भाग असतात. हिचेही तीन दिसत होते, पण डोकं आणि छाती यांच्यामधली खाच वरवरची होती. भाग खरे दोनच होते. समोर दोन मोठे, काळे, चकचकीत डोळे माझ्याकडे बघत होते. ज्यांना मामी हात म्हणत होती आणि कुणीही मुंगीच्या मिशा म्हटलं असतं, ते पुढचे दोन पाय होते, वर उचलून धरलेले. मी कडुलिंबाच्या काडीनं हलकं ढकललं तर ती पडली नाही. धाग्याला लोंबकळली, आणि धागा गिळत वर आली. थोडं वर, सालीच्या एका ढलपीखाली, पांढऱ्या धाग्यांचं नखाएवढं घर होतं.

मला फार आनंद झाला. अशी कोळ्याची जात मी पुस्तकात पाहिली होती, झाडावर कधी नाही. मी मामीला ओरडून बोलावलं आणि सांगितलं, ही मुंगीच नाही, हा कोळी आहे. मुंग्या चावतात, त्यांची चव आंबट, म्हणून पक्षी आणि सरडे सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. हा मुंगीचं सोंग घेऊन त्यांच्यात राहतो. पण खऱ्या मुंग्यांच्या फार जवळ जात नाही, कारण त्या याला ओळखतील आणि फाडतील.

"म्हंजे मामाच्या पानावानी," मामी लगेच म्हणाली. तिला समजायला माझ्याबरोबर शिकलेल्या मुलांपेक्षा कमी वेळ लागला.

मामा गोठ्याकडून म्हणाला, "बिलकुल. सगळी फसवाफसवी."

"फसवाफसवी काय त्यात. जीव वाचवायला करतंय." मामीनं भिंग माझ्या हातातून घेतलं. तिला पाय मोजायला सांगितले. तिनं सावकाश मोजले, मग पुन्हा मोजले.

"आठ."

"मुंगीला सहाच असतात, मामी."

तिनं भिंग खाली घेतलं नाही. "सहा त्यांचे," ती म्हणाली. "वरचे दोन म्हंजे एक काठी आन् एक माझा हात. शेवटी तशाच चालत व्हत्या."

मी धागा दाखवला, घर दाखवलं. मामीनं सगळं पाहिलं आणि मान्यही केलं. कोळी तर कोळी. माणूस गेल्यावर कावळ्यात येतो, मग कोळ्यात यायला काय हरकत आहे? तिचा प्रश्न जातीचा नव्हताच. मी उगीच तिच्यापुढे पाय मोजत बसलो होतो.

दुपारी भाकरी थापताना तिनं एकदम विचारलं, "मंग ते खातं काय?"

मी सांगितलं: बारीक किडे, माश्या, धान्यात होतात तसली पाखरं. जिवंत, हलणारी. साखर त्याला साखर म्हणून कळतही नसेल. मामीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, म्हणजे इतके दिवस दारात येऊन उपाशी परत जात होतं.

शनिवारी सकाळी साखर घालून झाल्यावर मी तिला म्हणालो की एक करून बघू. खायला त्याचं त्याला देऊन बघू, मग काय ते ठरव. मामी तयार होईना. मुंग्यांना साखर घालायची ती पुण्यासाठी. त्याच जागी जीव घालायचा म्हणजे काय? मी म्हणालो, तो रोज एक खातोच. ती म्हणाली, खातो, पण मी वाढते का? शेवटी असं ठरलं की मामीनं फक्त जागा दाखवायची, बाकी हात माझे. जागा म्हणजे ज्वारीची कोठी. झाकण उघडून ज्वारी हलवली की फिकट पिवळी बारीक पाखरं उठतात. मामी त्यांना एरवी दिवसातून दोनदा शिव्या घालते. मी एक काचेच्या नळीत धरलं. मामी म्हणाली, मोठं घेऊ नको, त्याला झेपायचं न्हाई. तरी ती या कामात नव्हती.

नळीचं तोंड मी खोडाला लावलं, ढलपीपासून चार बोटांवर. पाखरू बाहेर आलं, सालीवर दोन पावलं चाललं आणि थांबलं. मामी भिंग डोळ्याला लावून गुडघ्यांवर बसली होती. मामाही काठी घेऊन मागे येऊन उभा राहिला.

कोळी बाहेर आला. नेहमीसारखा, वाकडातिकडा चालत, पुढचे दोन पाय वर, हलवत. मग त्यानं पाखरू पाहिलं आणि ते दोन पाय खाली टेकवले. मी तोवर त्याला आठही पायांवर उभा कधी पाहिला नव्हता. तो तसाच खाली दबून काही वेळ थांबला. नंतर जे झालं ते डोळ्याला नीट दिसलं नाही. दिसलं तेव्हा पाखरू त्याच्या तोंडात होतं आणि पंखांची पिवळी भुकटी सालीवर पडली होती.

मामी हलली नाही. मला वाटलं, आपण चूक केली. हे तिला दाखवायला नको होतं. तिचे खांदे हलायला लागले आणि मी भिंग घ्यायला हात पुढे केला, तर ती हसत होती.

"माझी सासू माळकरी, हरिओम," ती म्हणाली. "बेबीनंदानं एकदा शेजारून अंडं आणलं तर तिला दारातच आंघोळ घातली, आन् वाटी ओढ्यात टाकून दिली. त्या असं खातील?" तिनं पुन्हा भिंग लावलं. कोळी पंख बाजूला टाकत होता. "पाय काढून खातंय बघ मेलं. ह्या आत्याबाई न्हाईत. बिलकुल न्हाईत."

मामा म्हणाला, "आईला कळलं तू तिला हे समजून बसलीस, तर आता रुसंल ती."

मामी हसता हसता थांबली. पदरानं डोळे पुसले. या वेळी ते खरंच ओले होते. खाली साखरेपाशी गर्दी झाली होती. एक मुंगी साखरेचा आपल्या डोक्याएवढा खडा घेऊन उलटी चालत होती, दुसरी वाटेत तिला अडवून मिशा लावून विचारपूस करत होती.

"मंग त्या कंच्या?" मामीनं मला विचारलं.

मी म्हणालो, मला माहीत नाही. हे खरं होतं.

"ह्यातल्या कुण्या एकीनं साखर घेतली न्हाई, असं हाय का?"

ते मात्र मोजता येण्यासारखं होतं. मी पाटावर बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मामी शेजारी बसून राहिली, मध्ये एकदा उठून चूल पेटवून आली. मोजताना तिनं मामालाही बोलू दिलं नाही.

मुंग्या एकसष्ट होत्या. साखरेला तोंड लावलेल्या एकसष्ट. कोळी एक, लांबी सात मिलिमीटर. त्याला मी यात धरलं नाही.

मामीनं आकडा दोनदा विचारून घेतला, "मंग कंच्याबी असूंदे, घेतली त्यांनी," म्हणाली आणि आत गेली. कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला.

रविवारी वाटूरला बारशात बेबीनंदानं ताट आईपुढे धरलं तेव्हा मी समोरच बसलो होतो. पहिल्या नातीच्या बारशाला मामीनं तीन पेढे खाल्ले होते. या वेळी चार.