पत्रिकेतली वरची बहीण

“कुणाला पटायचं नाही, पण कुमासीत एक संगणक माझ्या नुसत्या खाकरण्यानं सुरू झाला होता,” असं म्हणत म्हाताऱ्या बोआडीनं मागची केबल काढून पुन्हा खोचली.

पडदा काळाच राहिला. त्यावर तीच एक पांढरी ओळ उमटली: यंत्र सुरू करून देणारी फाइल सापडत नाही.

“मग खाकरा की, वोफा, मामा,” छपाईच्या दुकानाची मालकीण सेरवा दबक्या आवाजात म्हणाली. “शुक्रवारचे दोन वाजलेत.”

बाकावर लाल-काळी वस्त्रं नेसून मयताच्या दोघी बहिणी बसल्या होत्या. त्यांचा भाऊ उद्या सकाळी मातीत जाणार होता आणि त्याच्या अंत्यविधीची पत्रिका या एकाच यंत्रात अडकली होती. कोनादू वयानं थोरली. दुफी धाकटी, पण भावाचं सहा वर्षांचं आजारपण तिनं काढलेलं. पत्रिकेत कुणाचं नाव वर, यावर दोघी तीन दिवस भांडल्या. शेवटी कुळप्रमुख नाना अम्पोन्सांनी दोघींना समोर बसवून निकाल दिला, सेरवाकडून तो टाइप करवून घेतला आणि कच्चा कागद फाडून चुलीत घातला. यापुढे या विषयावर जो तोंड उघडेल, त्यानं घराण्याला एक मेंढी द्यायची.

“उठतंय का तुझं यंत्र, की तेही भावाशेजारीच पुरायचं?” कोनादूनं पंखा हलवत विचारलं.

“एनो, माय, घरात सगळं जागच्या जागी आहे. दार उघडणारा नोकर तेवढा पळालाय. मी दुसरा नेमतो.”

बोआडीनं जुनी सीडी शर्टाला पुसून आत सरकवली, दुरुस्तीचा पर्याय निवडला आणि एकेक अक्षर दाबत हरवलेली फाइल तिच्या जागी उतरवली. यंत्र बंद करून चालू केलं. पांढरी ओळ गेली, पण तिच्या जागी निळा पडदा आला. यंत्र स्वतःचीच झडती घेत होतं आणि फाइलींचे तुटके तुकडे काढून टाकत होतं. बोआडीच्या बढाया थांबल्या. मध्येच थांबवलं तर सगळंच जाईल, हे त्याला ठाऊक होतं. आकडे चढत राहिले. त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

अखेर पत्रिका उघडली. भावाचा फोटो जागेवर होता, प्रार्थना जागेवर होत्या. बहिणींच्या नावांचं पान कोरं होतं.

“वर कोण होतं?” त्यानं ओठ न हलवता विचारलं.

“मी टाइप करते, वोफा, वाचत नाही.” सेरवाच्या डोळ्यांत पाणी आलं. “नानांना फोन करू?”

“विझलेल्या चुलीत फुंकर घालायला? दोघी इथंच एकमेकींच्या झिंज्या धरतील, आणि उद्या शव ओट्यावर राहील.”

त्यानं मान वळवून बाकाकडे पाहिलं. कोनादूचा पाय सारखा हलत होता, पंखा थांबत नव्हता. दुफी मात्र हात मांडीवर ठेवून ताठ बसलेली. सकाळपासून अवाक्षर नाही. जिंकलेल्या बाईला बोलायची गरज काय? बोआडीनं एका बोटानं दुफीचं नाव टाइप केलं आणि त्याखाली कोनादूचं.

कागद बाहेर आला तेव्हा त्यानं तो हवेत फडकवला.

“घ्या! जसंच्या तसं. अक्षर न् अक्षर यंत्रानं परत दिलं. नानांची सही तेवढी छापायची राहिली!”

कोनादूनं कागद घेतला. पंखा थांबला. तिचे ओठ उघडले आणि मेंढी आठवून तसेच मिटले. मग तिनं कागद धाकटीच्या मांडीवर टाकला.

सेरवा दाराकडे सरकली.

दुफीनं चष्मा लावला. पहिल्या नावावर बोट ठेवलं, दुसऱ्यावर नेलं, पुन्हा वर आणलं. रस्त्यावरच्या गाडीचा भोंगा वाजून विरला, तरी तिचं वाचून होईना.

“बोआडी,” ती म्हणाली, “तू खोटं बोलतोयस. वर ताईचं नाव होतं.”