मावशीचा तिसरा प्रश्न

राक्षस मारण्याच्या धंद्यात चाळीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळे मावशीच म्हणत. तिची जीभ भाल्यापेक्षा धारदार आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. राक्षस काही आभाळातून पडत नाहीत, असं ती नव्या शिकाऱ्यांना सांगे. माणूस दुःख गिळून बसला की ते अंगावर उगवतं. आधी नखं, मग खवले, मग शिंगं. म्हणून शिकाऱ्याने भाला उगारण्याआधी तीन प्रश्न विचारायचे: नाव काय, काम काय, कोण गेलं. तिन्ही उत्तरं खरी आली तर ते अजून माणूस आहे, त्याला हाताला धरून परत आणायचं. एक जरी खोटं निघालं तर भाला. प्रश्न एकदाच. हा नियम मावशीनेच घातला होता, आणि तो मोडणाऱ्या दोघांना तिने घरी बसवलं होतं.

त्या सकाळी एका गृहस्थांची तक्रार आली. वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीकडे त्यांनी पँट कमरेत सैल करायला दिली होती, ती महिना झाला तरी मिळत नव्हती. दार वाजवलं तर आतून गुरगुर ऐकू येते, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. त्यांचं दुःख पँटीचं होतं.

पत्ता ऐकून मावशी म्हणाली, मी एकटीच जाते. त्या खोलीत तिची लेक राहायची, शिंपिणीबरोबर, नऊ वर्षं, एकाच पलंगावर. मावशी दर रविवारी तिथे जेवायला जाई आणि लेकीला विचारी, तुझी मैत्रीण बरी आहे ना? लेक कपाळाला हात लावी, शिंपीण हसून ताट वाढी. मावशीला कळत नव्हतं असं नाही, पण झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्यापूर्वी लेक शिकारीवर गेली ती परत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी मावशी कामावर हजर. शिंपिणीला भेटायला कोणी गेलं नाही. मैत्रीण गेली म्हणून कुणाच्या दारात कोण जातं?

दार नुसतं लोटलेलं होतं. शिंपीण मशीनपाशी बसली होती. गळ्यात टेप, मानेवर खवले, कपाळावर दोन बोटभर शिंगं. मांडीवर पँट होती, नखांनी पार चिंध्या झालेली. मावशीला बघून ती सवयीने उठली आणि खुर्ची पुसून पुढे केली. तरी भाला वर गेलाच.

शिंपिणीने नाव बरोबर सांगितलं. काम विचारल्यावर म्हणाली, शिवणकाम, पँट तेवढी राहिलीये. मावशीला अशाही वेळी हसू येणार होतं.

"कोण गेलं तुझं?"

शिंपिणीने मान खाली घातली. समोर वडीलधारं माणूस होतं आणि सवय नऊ वर्षांची होती.

"मैत्रीण."

खवले सरसर हनुवटीपर्यंत चढले. उत्तर खोटं होतं. आता नियमाप्रमाणे भाला. पण हे खोटं कोणाचं, हे मावशीला त्याच क्षणी कळलं. समोरच्या पोरीने ते फक्त मावशीचा मान राखायला इतकी वर्षं सांभाळलं होतं. स्वतःच शिकवायचं आणि शिक्षाही स्वतःच करायची, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. तिने भाला भिंतीला टेकवला.

"मैत्रीण नाही गं. बायको गेली तुझी. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, माझंच तोंड उघडलं नाही. आता खरं सांग."

"बायको," शिंपीण म्हणाली आणि रडली. इतकी रडली, की खालच्या गृहस्थांनी पँटीची आशाच सोडली असावी. खवले जमिनीवर गळले. शिंगं राहिली. ती इतक्यात जात नसतात.

मावशीने कानस काढली, तिचा पंजा मांडीवर घेतला आणि नखं घासता घासता तिची खरडपट्टी काढली. जेवली नाहीस, केसांना फणी नाही, साधा निरोप पाठवता आला नाही? शिंपिणीने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं,

"आई, तुमचं कोण गेलं?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न मावशीला कोणी विचारला नव्हता. एक चांगली शिकारी गेली, असं ती महिनाभर सगळ्यांना सांगत होती. तेच ओठांवर आलं.

"माझी पोर," ती म्हणाली आणि सुनेच्या मांडीवर कोसळली. मावशीच्या लांब बाह्यांतून खवले गळू लागले. शिंपीण ते एकेक वेचून बाजूला ठेवत राहिली.