पाचवा रकाना

मी नोकरी-नोंदणीचं कार्ड बोलतोय. शांता मुंबईच्या नोंदणी कचेरीत मला घ्यायला आली तेव्हा तिला वाटत होतं, पदवीचा कागद खिडकीत ठेवला की आतून कोणीतरी म्हणेल, "या, तुमच्यासारख्यांचीच वाट पाहत होतो." औरंगाबादला वसतिगृहात राहून ती बी.ए. झाली होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होणार, नव्या राज्याला शिकलेली माणसं लागणारच, असं तिने मैत्रिणींना छातीठोकपणे सांगितलं होतं. प्रत्यक्षात तिला मिळाली जिन्यावरून फुटपाथपर्यंत उतरलेली रांग, आणि मी.

माझा जन्म सरकारी छापखान्यातला. जाड, पिवळट, एका अंगाने खरखरीत. खिडकीतले कारकून शामराव यांनी माझे रकाने भरले. नाव, वय, शिक्षण, पत्ता भोईवाडा. पाचव्या रकान्याशी ते थांबले.

"धर्म, जात?"

"बौद्ध," शांता इतक्या मोठ्याने म्हणाली, की रांगेतल्या दोघांनी माना वर केल्या.

शामरावांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं.

पुढे माझं काम सोपं होतं. जागा निघाली की माझ्या नंबरावर टपालाने कॉल यायचा. दर दोन महिन्यांनी मला नेऊन शिक्का मारून आणायचा, नाहीतर नंबर रद्द. कॉल आला नाही. शिक्के आले. पहिल्या खेपेला शांता रांगेतल्या बायकांना संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला बोलवत होती, घोषणा शिकवत होती. तिसऱ्या खेपेला ती पुढच्या माणसाच्या सदऱ्याची शिवण पाहत उभी होती. खिडकी जेवणासाठी बंद झाली, पुन्हा उघडली. तिला दोन्ही कळलं नाही.

चौथ्या खेपेला शामराव हळू आवाजात म्हणाले, "बाई, कारकुनाची जागा आलीय. कायम. पण अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. बौद्ध लिहिलं की त्या यादीत नाव धरता येत नाही, नियमच तसा. तुमच्या शाळेच्या दाखल्यावर जुनी जात असेल ना? उद्या अकराच्या आत तो आणा, नवं कार्ड करतो. यादी उद्याच जाते."

घरी तिने मला चुलीजवळ जमिनीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

तिचा बाप दौलत गिरणीत रिंग खात्यात, सूत कातायच्या यंत्रांवर होता. तो खोकला आवरून म्हणाला, "मंग लिही की. कागुद कोन बघतंय?"

"आबा, नागपूरला दीक्षेला तुम्हीच नेलंत मला."

"नेलं. आता काय बुद्ध सोड म्हनतो का मी? पर ही छाती अजून वरीसभर खात्यात उभी ऱ्हाईल का, ते सांग."

 शांताला रागही आला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, जसं कोणी भिंतीकडे बघतं.

आई, रखमा, भाकरी थापत होती. "माझ्या आयेनं दिलेले देवाचे टाक म्या ह्या हातानं दादरच्या समुद्रात सोडले," ती म्हणाली. "तवा कुनी इचारलं न्हाई, रखमे, हात कापतोय का."

"म्हंजी लिहू नको म्हनतीस?" दौलतने विचारलं.

"म्या काय बी म्हनत न्हाई. लिहिनारी ती. मला तर सही बी येत न्हाई."

सकाळी शांताने ट्रंकेतून दाखला काढला आणि मला त्याच्यात घडी घालून नेलं. मला वाटलं, माझे दिवस भरले.

"आणलात दाखला?" शामरावांनी विचारलं.

"आणलाय."

"द्या."

तिने घडी उघडली. दाखला पदराआड घेतला आणि खिडकीतून फक्त मला पुढे सरकवलं.

"नुसता शिक्का मारा."

"बाई, जागा दुसऱ्या कोणाला जाईल."

"जाऊ द्या."

त्यांनी शिक्का मारला. माझे कोपरे आता झिजलेत, घडीवर मी फाटायला आलोय. ज्यांच्या घरात माझे भाऊबंद असतील, त्यांना एकच विनंती. रांगेतून परतलेल्या माणसाला दारातच 'काय झालं' विचारू नका. आधी बसू द्या.

"खुल्या जागांची यादी कुठे लागते?" मला खिडकीतून उचलताना शांताने विचारलं.

"जिन्याखाली. पण बाई, ती चारशे जण बघतात."

ती जिन्याखाली गेली आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली. आबांना काय सांगायचं, ते तिने अजून ठरवलं नव्हतं.